'६७ मस्टँगची नवी टाकी : पंपाला पैकीच्या पैकी, काट्याला भोपळा

पंपावर आणि वायरिंगवर लिहिण्यासारखं बरंच आहे, पण माझं डोकं फिरवलं ते पेट्रोलच्या काट्याने. म्हणून आधी तेच.

गाडी १९६७ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, मुक्काम डॅलस. कार्ब्युरेटर काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवलं, त्यामुळे आतच पंप असलेली टाकी घेणं आलं. जाहिरात म्हणते, 'या मॉडेलला जशीच्या तशी बसते'. बसते, खोटं कशाला बोलू. स्क्रूची भोकंसुद्धा जुळली. पण आतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग, २४० ते ३३ ओहमचा! फोर्डच्या त्या काळच्या गेजला, म्हणजे डॅशवरच्या काट्याला, हवा ७३ ते १०चा. परिणाम असा, की टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा अर्ध्यावरही चढत नाही, आणि अर्धी टाकी शिल्लक असताना तो 'ई'च्या (रिकामी) खाली जाऊन झोपतो. ओहमचा आकडा जाहिरातीत कुठेही नव्हता.

सपोर्टवाल्याचा सल्ला ऐका : "गेज खराब असेल, थेट १२ व्होल्ट देऊन बघा." अहो, या गाडीत डॅशच्या मागे एक छोटा रेग्युलेटर असतो. तो १२ व्होल्ट चालू-बंद करत गेजला सरासरी ५च्या आसपास देतो. तुमचं ऐकलं असतं तर पन्नास वर्षं टिकलेलं गेज जळालं असतं, आणि वर तेही माझ्याच माथी मारलं असतं. मग फोटो पाठवा, बिल पाठवा, मल्टिमीटरचं रीडिंग पाठवा. सगळं पाठवलं. उत्तर आलं, पेट्रोल लागलेली टाकी परत घेत नाही.

तेव्हाच लिहिलं असतं तर एक तारा दिला असता. पण मग जुलै आला.

जुना मेकॅनिकल पंप इंजिनलाच चिकटलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, त्यात इंजिनची धग आणि हल्लीचं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते पाइपातच उकळतं, बुडबुडे होतात आणि पंप नुसती हवा चघळत बसतो. किराणा घेऊन पाच मिनिटांत परत यावं, तर गाडी चालू व्हायचं नाव नाही. आता पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला, आणि ओढण्याऐवजी ढकलतो, तेही ५८ पीएसआय दाबाने. जुना जेमतेम पाच-सहा द्यायचा. एवढ्या दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही. चाळीस डिग्रीच्या उन्हात पार्किंगमध्ये तापलेली गाडी पहिल्या चावीला सुरू होते. बायको आता या गाडीतून किराण्याला यायला तयार असते, याहून मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी चोख केलीय. पंपाच्या तोंडावरचा वीतभर काळा होज, म्हणजे रबरी पाइप. त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरात '३०आर१०' छापलेलं आहे, म्हणजे पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीचा. स्वस्त किटांत '३०आर९' घालतात. तो बाहेर उत्तम, पण बुडवला की वरचं रबर मऊ पडतं. आतले आडवे पत्रेही कामाचे आहेत. टाकी पाव असताना हायवेच्या गोल रॅम्पवर पेट्रोल एका बाजूला पळत नाही, म्हणून इंजिन आचका देत नाही. पंपाची गुणगुण मागच्या सीटवर ऐकू येते, पण तिथे बसतंय कोण?

घेणाऱ्यांनी टाकीच्या किमतीवर हिशेब थांबवू नये. जुन्या लाइनमधले रबरी जोड ५८ पीएसआयसाठी नाहीत, लाइन नवी टाका. पंपाला वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) द्या. धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच तर हवाच, कारण या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे.

काट्याचं म्हणाल, तर ओहम जुळवून देणारी एक डबी पदरचे पन्नास डॉलर घालून लावली. आता दोन्ही टोकं बरोबर दाखवतो, मधे थोडी थाप मारतो. कंपनीने उदार होऊन वीस डॉलरचं क्रेडिट दिलंय, शंभरच्या वरच्या खरेदीवर. टाकी फुल्ल केली की डिकीत पेट्रोलचा वास येतो, त्यासाठी मला त्यांच्याकडून नऊ डॉलरचं गॅस्केट हवंय. शिपिंग चौदा.