एअर फिल्टर कागदी घ्यायचा की धुवायचा? सोलापूरच्या धुळीत कुठला परवडतो

परवा गाडीचा फिल्टर काढून फरशीवर आपटला तर मूठभर करडी माती पडली, अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं म्हटल्यावर दुसरं काय होणार. कागदीवाला काही शेकड्यात येतो, बारीक धूळ चांगली धरतो, भरला की फेकायचा आणि नवीन टाकायचा, डोक्याला ताप नाही. फक्त त्याला पाण्यानं धुवू नका, वाया जातो.

धुवायचा म्हणजे कॉटनच्या जाळीचा, तेल लावलेला. किंमत हजारात, पण वर्षानुवर्षं चालतो. खरी गंमत पुढंच आहे, क्लीनर मारायचं, स्वच्छ बाजूनं हळू पाणी सोडायचं, सावलीत पूर्ण वाळू द्यायचा आणि मग मापात तेल. मी घाईत तेल जास्त ओतलं, ते एअरफ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर जाऊन बसलं आणि गाडी उभ्या उभ्या धडधडायला लागली. कमी लावलं तर धूळ इंजिनात जाणार, म्हणजे तसंही मरण. पिकअप वाढतो म्हणतात ते साध्या गाडीत काय जाणवत नाही बघा.

मी परत कागदीवर आलोय. मित्राचा धुवायचाच आहे, पण तो दर रविवारी बॉनेटमध्ये डोकं घालूनच असतोय, त्याचं वेगळं.