पाखाडीवर पुन्हा पाय : भीती जायची वाट बघायची, की चालत सुटायचं?

गेल्या पावसात घराकडच्या पाखाडीवर, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळावरून घसरलो आणि डोकं मागून चिऱ्यावर आपटलं. सिटी स्कॅन नॉर्मल. कन्कशनमध्ये, म्हणजे मार बसून मेंदू हादरतो तेव्हा, तो बहुधा तसाच येतो. तीन आठवड्यांनी डोकेदुखी थांबली, डॉक्टरांनी कबड्डीलाही परवानगी दिली. पण त्या पाखाडीची पहिली पायरी उतरवेना.

आई म्हणे, "आता खंय जाव नको." कबड्डीची पोरं म्हणत, "उतर मैदानात, भीती आपोआप जाईल."

आईचं मी बारा दिवस ऐकलं. पडवीत बसून बरं वाटतं, पण भीती पसरत जाते. आधी पाखाडी, मग स्कूटर, शेवटी ओली न्हाणीसुद्धा. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी विश्रांती हवी ती पहिले 24 ते 48 तास. त्यानंतर हलकं चालणं चांगलंच, असं खेळातल्या कन्कशनवरच्या 2022 च्या अॅम्स्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांचंही मत आहे.

पोरांचं ऐकणं त्याहून वाईट. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो महागात पडतो. लक्षणं पूर्ण जाऊन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पकडीचा खेळ नाही. एवढ्यापुरती भीती खरीच आहे.

मला लागू पडला तो मधला रस्ता. आधी ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ घासलं. मग अनवाणी, डाव्या हाताने बाजूचा गडगा (दगडी कुंपण) धरून सात पायऱ्या उतरलो, खाली उभा राहिलो आणि भीतीला दहापैकी गुण दिले. पहिल्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी तीन. मग गडगा सोडला.

घोळ होतो तो चक्करेचा, कारण ती भीतीनेही येते. माझी पायरीवर पाय ठेवण्याआधी यायची आणि खाली पोचेपर्यंत ओसरायची. श्रमाने येणारी चक्कर श्रमाबरोबर वाढते. बरं होत असताना त्रास दहाच्या मापावर दोनपेक्षा जास्त वाढला किंवा तासभर टिकला, तर त्या दिवशी थांबा. उलट्या, गुंगी, झटका, वाढतच जाणारी डोकेदुखी असेल तर मात्र थेट दवाखाना.

हेल्मेट स्कूटरवर हवंच. कवटी वाचते, कन्कशन टळेलच असं नाही. झोप उडाली किंवा आठवडे उलटूनही घराबाहेर पडवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तालुक्याला कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट लागतो.

मी सरावाला जातो. सामन्यासाठी नाव अजून दिलेलं नाही.