23 नंबरची जर्सी हवी असेल तर

शिकागोच्या वायव्येकडच्या उपनगरात जुन्या जर्सींचं एक दुकान आहे. नाव मुद्दामच देत नाही. पुढे एक तक्रार आहे, आणि मालक माणूस भला आहे, उगाच चारचौघांत बोभाटा नको. शिकागो बेअर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांना पत्ता शोधणं अवघड जाणार नाही.

आत शिरलं की समोरच्या रांगेत संघाच्या दिग्गजांच्या जर्सी: पेटनची 34, बटकसची 51, अर्लॅकरची 54. तिथे हात लावण्याआधी खिसा चाचपून घ्यावा. मला हवी होती 23, डेव्हिन हेस्टरची. समोरच्या संघाने मारलेला चेंडू झेलून उलट धाव घेणारा, म्हणजे किक परतवणारा तो. ती मागे, कोपऱ्यातल्या स्टँडवर. हेस्टर 2024 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेल्यावर तिचा भाव चढला, हे मालकांनीच सांगितलं. जागा मात्र तीच राहिली. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याची, जर्सी रोज खपते, किक परतवणाऱ्याची मागणारा एखादाच येतो, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यातली. फुटबॉलचा सामना मी पाहते तो याच कारणासाठी. आमच्या घरी पंट (हातातून सोडलेला चेंडू लाथेने समोरच्या संघाकडे लांब मारणं) आला की नवरा चहा टाकायला उठतो, आणि मी असेन तिथून धावत टीव्हीसमोर येते. चेंडू हवेत चार-साडेचार सेकंद असतो. खाली एक माणूस मान वर करून उभा, आणि समोरून दहा-अकरा गडी त्याला लोळवायला सुटलेले. हात वर करून फेअर कॅच मागायचा, म्हणजे कुणी अंगाला हात लावणार नाही पण धावताही येणार नाही. की झेलून पळायचं? चेंडू खाली यायच्या आत ठरवायचं. हेस्टरचा हात वर जाईना की शिकागोकर खुर्चीतून उठायचे.

2006 मध्ये बेअर्सनी त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीत, 57 वा, उचलला तेव्हा तो कागदोपत्री बचावफळीतला होता. पहिल्याच मोसमात त्याने सहा वेळा चेंडू परतवून टचडाऊन केले, म्हणजे तो थेट समोरच्या संघाच्या एंड झोनमध्ये, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेला. त्यातला मला सगळ्यात आवडतो तो नोव्हेंबरमधला, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा. जायंट्सचा फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) हुकला, हेस्टरने आपल्या एंड झोनच्या आत चेंडू घेतला आणि दोन पावलं अशी रमतगमत टाकली, जणू खेळ संपलाय. जायंट्सचे गडी सैलावले. मग जो सुटला तो थेट 108 यार्ड. गंमत म्हणजे बेअर्सच्याच नेथन व्हॅशरने आदल्या वर्षी नेमक्या एवढ्याच यार्डांची अशीच धाव घेतली होती.

दुकानातल्या टीव्हीवर मालक सतत जुने सामने लावून ठेवतात. मी गेले तेव्हा 4 फेब्रुवारी 2007 चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, चालू होता, बेअर्स विरुद्ध कोल्ट्स. मायामीत धो-धो पाऊस, आणि पहिलीच किक हेस्टरकडे. 14 सेकंदांत 92 यार्ड, टचडाऊन. सुपर बोलच्या सलामीच्या किकवर त्याआधी असं कुणी केलं नव्हतं. त्यानंतर कोल्ट्सनी त्याच्याकडे सरळ किक मारणंच टाळलं, आणि सामना 29-17 असा जिंकला. इथे मालकांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. पुढचं ते कधीच लावत नाहीत म्हणे! कोल्ट्सकडून त्या पावसात खेळलेला ड्वाइट फ्रीनीही हेस्टरबरोबर एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये गेला, हे मी सांगितलं तर चेहरा आणखी पडला.

आता मालाबद्दल. इथे दोन प्रकार मिळतात: आकडे छापलेली आणि आकडे शिवलेली. छापलेली घेऊ नका, दोन धुण्यांत भेगा पडतात. शिवलेलीत आधी आतली बाजू उलटून बघा, टाके दाट आणि सरळ हवेत. बेअर्सचे आकडे गोलसर वळणाचे असतात, पांढऱ्यावर नारिंगी कड. कोपरे टोकदार दिसले तर माल नकली. आणि डाव्या बाहीवर GSH ही अक्षरं शोधा, संघाचे संस्थापक जॉर्ज हॅलस यांची आद्याक्षरं. 1984 पासून ती तिथे आहेत. नकल करणारे हमखास ती विसरतात किंवा उजवीकडे लावतात. स्टँडवरच्या एका जर्सीवर ती नव्हतीच. मी दाखवल्यावर मालकांनी काही न बोलता ती काढून गल्ल्यामागे टाकली. हे मला आवडलं.

मी घेतली ती 85 डॉलरची, सुपर बोलचा बिल्ला असलेली. तक्रार अशी की 3 चा खालचा टाका उसवलेला होता. आठवड्यात शिवून देतो म्हणाले, आणि महिना उलटला तरी फोन नाही. मी गेले की कारागीर आजारी, नाहीतर दोरा संपलेला. शेवटी घरी आणून मीच शिवली. हातशिलाई आहे हे जवळून कळतं. पैसे कमी केले नाहीत, एक टोपी दिली. टोपी बरी आहे.

तिथे लाल 17 नंबरचीही एक होती, अटलांटा फाल्कन्सची. तीत हेस्टरने 2014 मध्ये टॅम्पा बेविरुद्ध 62 यार्डांचा पंट परतवून विसावा टचडाऊन केला आणि डिऑन सँडर्सचा 19 चा विक्रम मोडला. खरं तर विक्रमाची जर्सी तीच, पण शिकागोत कोण घेणार? भाव पाडून मागितला तर मिळेल. मधल्या वर्षांत बेअर्सनी त्याला रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा, करायचा घाट घातला. 2008 आणि 2009 मध्ये परतीच्या धावेवर एकही टचडाऊन नाही. माझ्या मते गाडीला चुकीचा बैल जुंपला. मालकांचं मत उलट. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं असेल तर वेळ काढून जा.

2024 पासून किकऑफचे, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकचे, नियमच बदलले. दोन्ही संघांचे गडी आता आधीपासून समोरासमोर उभे असतात, त्यामुळे लांबून धावत येऊन होणाऱ्या धडका कमी झाल्या आणि परतवण्याचं प्रमाण पुन्हा वाढलं. त्यामुळे कोपऱ्यातल्या स्टँडवर नवी नावं येतील, असा मालकांचा अंदाज आहे.

पाचपैकी चार तारे. एक शिवणकामाचा कापला. मोसमात रविवारी दुपारी जाऊ नका. दुकान उघडं असतं, पण सामना चालू असेतो गल्ल्यावर कुणी येत नाही. मंगळवार-बुधवार बरा. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे दंड होतो.