आयुकाची असोसिएटशिप: कॉलेजात शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावी

तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवताना पीएचडीनंतर संशोधन हळूहळू सुटत जातं. विचारायला कोणी उरत नाही. अशांसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीच्या संशोधन संस्थेची व्हिजिटिंग असोसिएटशिप फार मोलाची आहे. निवड झाली की सुट्टीत तिथे जाऊन राहायचं, ग्रंथालय आणि संगणक वापरायचे, आपलं काम पुढे न्यायचं.

मला सर्वांत जास्त मिळालं ते तिथल्या एका ज्येष्ठ मॅडमकडून. माझा कच्चा पेपर त्यांनी ओळ न् ओळ वाचला. 'निष्कर्षाची घाई नको, आधी त्रुटींचं गणित पक्कं कर,' म्हणाल्या. मग दुसऱ्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांशी गाठ घालून दिली. आता आम्ही दोघं मिळून लिहितो, आणि माझ्या एमएस्सीच्या मुलांचे प्रोजेक्टही मी त्याच पद्धतीने तपासते.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे ते विद्यार्थी. चांगला गुरू मिळण्याचं मोल त्यांना ठाऊक होतं, ते इथे जाणवतं.

अर्ज करण्याआधी प्राचार्यांशी रजेचं बोलून घ्या. माझं सगळ्यात जास्त तिथेच अडलं होतं.