रिकव्हरीच्या फेऱ्यात अडकलेला लॅपटॉप: दुरुस्त करावा की फॉरमॅट मारावा?

आधी ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग ‘डायग्नोसिंग युवर पीसी’, मग निळा पडदा आणि त्यावर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप (एन्क्रिप्शन) लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, मागणी: ४८ आकडे टाका. टाकले की थोडा वेळ काहीतरी चालल्यासारखं वाटतं, रिपेअर जमलं नाही असं येतं, रीस्टार्ट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. या फेऱ्यात सापडलेल्याला बेळगावात दोनच सल्ले मिळतात. दुकानदार लॅपटॉप उघडायच्या आधीच म्हणतो, ‘फॉरमॅट मारूया की ओ, संध्याकाळी घेऊन जावा.’ गल्लीतला कॉम्प्युटर शिकलेला पोरगा म्हणतो, ‘थांबा काका, कमांड देऊन बघतो.’ मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. बेळगावच्याच शहापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, काम आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, वास्तुशांतीची निमंत्रणं, आणि हे सगळं मराठीत तसं कन्नडमध्येही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझा कल त्यामुळेच ठरलाय. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचा कल वेगळा असू शकतो.

तुलना करायच्या आधी एक गोष्ट बघा: किल्ली, म्हणजे तेच ४८ आकडे, हाताशी आहे का. नसेल तर निवड उरतच नाही, फॉरमॅटच. ‘किल्लीशिवाय डेटा काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे आगाऊ देऊ नका. एन्क्रिप्शन लागलेली डिस्क किल्लीशिवाय बेळगावात उघडत नाही, तशी कोल्हापुरातही उघडत नाही. पण ‘किल्ली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची किल्ली कुठेतरी असते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा आत गेलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या अकाउंटवर जाऊन बसते. आपल्याकडे लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करतो पुण्याला नोकरीला असलेला भाचा, नाहीतर दुकानातला मुलगा, तोही स्वतःच्या ईमेलवर. मालक बिचारा स्वतःच्या अकाउंटवर शोधत बसतो. निळ्या पडद्यावर किल्लीचा आयडी दिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं भाच्याला पाठवा आणि त्याच्या अकाउंटच्या डिव्हाइसेसच्या पानावर जुळतात का ते बघायला सांगा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ईमेलवर सुरू केला असेल तर तिथल्या ॲडमिनला विचारावं लागेल.

किल्ली मिळाली असं धरून पुढे जाऊ.

दुरुस्तीच्या वाटेवरची कटकट म्हणजे तेच ४८ आकडे. सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो गट तिथल्या तिथे अडतो, सगळं पुन्हा टाकावं लागत नाही. वरच्या ओळीतली बटणं मेली असतील तर एफ१ ते एफ९ वापरा, शून्यासाठी एफ१०. तरी दर रीस्टार्टला हे करायचं म्हणजे माणूस वैतागतो आणि दोन-चार फेऱ्यांत लॅपटॉप बगलेत मारून दुकान गाठतो. मला वाटतं, निम्मे फॉरमॅट या वैतागातूनच होत असावेत.

या वैतागावर मात्र एक कमांड आहे, आणि दुकानात ती फारशी कुणी वापरताना मी पाहिली नाही. ट्रबलशूटमधून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथून कमांड प्रॉम्प्ट. आत गेल्यावर ड्राइव्ह एक्स दिसतो, दचकू नका, ती रिकव्हरीची स्वतःची जागा आहे. तुमची विंडोज सीवर असते, पण रिकव्हरीत अक्षरं कधी कधी बदलतात. म्हणून मॅनेज-बीडीई (manage-bde) या बिटलॉकरच्या कमांडने स्टेटस बघून कुठला ड्राइव्ह लॉक आहे ते आधी नक्की करा. मग त्याच कमांडने किल्ली देऊन ड्राइव्ह अनलॉक करायचा, आणि लगेच प्रोटेक्टर्स, म्हणजे किल्ली मागणारे पहारेकरी, डिसेबल करायचे. इथे रीबूटकाउंट शून्य द्यायला विसरू नका. तो दिला नाही तर विंडोज एकदा रीस्टार्ट झाली की संरक्षण पुन्हा लागू होतं. शून्य दिला की तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत ते थांबून राहतं. डेटा एन्क्रिप्टेडच असतो, फक्त किल्ली मागणं बंद होतं. त्यानंतर कितीही वेळा रीस्टार्ट करा.

पुढची दुरुस्ती शांतपणे करता येते. स्टार्टअप रिपेअर नेमकं कशावर अडखळतंय ते विंडोज, सिस्टम३२, लॉगफाइल्स, एसआरटी या वाटेवरच्या एसआरटीट्रेल नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड टाइप केलं की नोटपॅड उघडतं, त्यात ती वाचा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती उरलेली आहे. अपडेट चालू असताना लाईट गेली आणि अपडेट अर्धवट लटकलं. लॉगमध्ये तसंच दिसलं. आधी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करून बघितलं, तिथे भागलं नाही. मग डिसम (DISM) या विंडोज दुरुस्तीच्या कमांडला अर्धवट कामं मागे घ्यायला सांगितलं, म्हणजे रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स, वर एकदा डिस्क तपासणारा चेकडिस्क, आणि लॅपटॉप उभा राहिला. तुमचंही एवढ्यावर निभावेल असं ठामपणे म्हणवत नाही. बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या, फाइल्स बिघडल्या असतील तर त्या नव्याने लिहिणारी बीसीडीबूट ही कमांड लागेल. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, कुणी सिक्युअर बूट किंवा डिस्कचा मोड बदलला असेल तर कमांडच्या आधी तो पूर्ववत करा.

आणि कधी कधी दोष आपल्या लॅपटॉपचा नसतोच. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटने काही इंटेल मशिनं अशीच ऑटोमॅटिक रिपेअर आणि बिटलॉकरच्या फेऱ्यात अडकली होती, मायक्रोसॉफ्टला घाईने वेगळं अपडेट काढावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर रिकव्हरीत यूएसबी कीबोर्ड आणि माउसच चालेनात, तेही काही दिवसांत दुरुस्त झालं. अशा वेळी फॉरमॅट मारून बसलेल्यांची मला दयाच आली.

आता फॉरमॅट. त्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ती खरंच सोपी आहे. पेनड्राइव्हवर विंडोज घ्यायची, जुनी पार्टिशनं उडवायची, नवी टाकायची. लायसन्स मशिनशी जोडलेलं असतं, नेट लागलं की बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होतं, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, तिथे कंपनीच्या साइटवरचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून लोड करावा लागतो. डिस्क मेली म्हणून नवी विकायला निघालेलाही मला भेटलाय, म्हणून सांगतो. मशीन नंतर हलकं पळतं, हे मान्य. लोक हाच अनुभव लक्षात ठेवतात.

माझं घोडं अडलं ते त्यानंतर. आमच्या धंद्यात जुनं सगळं काम युनिकोडच्या आधीच्या फाँटवर आहे. मराठी एका लिपी पॅकेजवर, कन्नड नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. नव्या विंडोजवर जुनी पत्रिका उघडली की कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विचारतं, हा फाँट नाही, बदली कुठला देऊ? बदली दिला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरं. त्याच नावाचा फाँट नेटवरून घेतला तर त्याची आवृत्ती वेगळी निघते, मग अक्षरं येतात पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहिलं जाणारं अक्षर, खालच्या ओळीत घुसतात. मराठी चुकलं तर मला दिसतं, कन्नडमधलं प्रूफ दुसऱ्याला दाखवावं लागतं, आणि ऐन लग्नसराईत त्याला वेळ नसतो. त्यातून पॅकेजचा डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) नवा ड्रायव्हर मागतो, आणि आमच्याकडे टाइप करणाऱ्या ताईंचा जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन लेआउटचा हात नव्या लेआउटवर जिथे तिथे अडखळतो. विंडोज संध्याकाळी मिळाली, पण काम पूर्वीसारखं चालायला पुढचे कितीतरी दिवस गेले. ४८ आकड्यांच्या कटकटीवर कमांड निघाली, या कटकटीवर मला तरी सापडलेली नाही.

‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. फोटो आणि वर्डच्या फाइल्स एवढंच तुमचं जग असेल तर जरूर करा. पण त्यात फाइल्स राहतात आणि प्रोग्राम जातात. माझ्यासारख्याला तो फॉरमॅटच.

तेव्हा माझ्यापुरतं विचाराल तर किल्ली हाती असताना एक दिवस दुरुस्तीला द्यावा. ज्यांचं सगळं ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर आहे, त्यांनी तो एक दिवसही कशाला घालवायचा, खुशाल फॉरमॅट मारावा. चेकडिस्क खराब सेक्टर दाखवत सुटला तर मात्र मीही दुरुस्तीच्या नादाला लागणार नाही, डिस्कच बदलेन.

दुकानात द्यायचंच ठरलं तर आधी ड्राइव्ह अनलॉक करून त्याच नोटपॅडच्या ‘ओपन’ खिडकीतून, ‘ऑल फाइल्स’ निवडून, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि विंडोजमधलं फाँट्सचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी चालू असताना नोटपॅड गोठल्यासारखं दिसतं, तसंच राहू द्या. आणि फॉरमॅट झाल्यावर दुकानदाराला विंडोज तुमच्याच ईमेलवर सुरू करायला लावा. विंडोज ११ च्या २०२४ च्या (२४एच२) आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत नव्या इन्स्टॉलेशनवर एन्क्रिप्शन पुन्हा आपोआप लागतं, आणि त्याची किल्ली वेगळी असते. ती त्याच दिवशी छापून घरात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.