हळदीचं पाणी लाल झालं तेव्हा

पुतणीच्या हळदीच्या दिवशी दुपारी न्हाणीतून तिची किंकाळी ऐकू आली. धावत गेले तर फरशीवर लाल पाणी, तिच्या कपाळावरून लाल ओघळ. मला वाटलं पोरगी घसरून पडली, डोकं फुटलं. सासूबाई मागून आल्या, पाण्यात बोट बुडवून म्हणाल्या, "रगत नाही गं, हळद हाय. सोड्यानं लाल झाली. ही कसली शिककाई आणलीस तू?"

आणली मीच होती. दीड महिन्याआधी आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला होता. "ताई, बालाघाटातली आमच्या रानातली शिककाई, घरी वाळवून जात्यावर दळलेली." किलोला ६४० रुपये, पैसे आधी. व्हिडिओत घमेलंभर फेस. मी त्या फेसालाच भुलले. आमच्या लातूरकडं बोअरचं पाणी इतकं जड की अंगाच्या साबणाला फेस धरत नाही, आणि इथं चमचाभर पावडरीला एवढा!

शिककाईला मुळात एवढा फेस येतच नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. लहानपणी आई शेंगा घेऊन शिककाईच्या वेगळ्या गिरणीत जायची, पिठाच्या गिरणीवाला हात लावू द्यायचा नाही. नाकाला पदर बांधूनही घरी येईपर्यंत शिंका. या बाईचं पाकीट मी उघडलं, नाक खुपसून वास घेतला, तरी एक शिंक नाही. नुसता अत्तराचा वास. आणि बालाघाटाचे डोंगर आमच्याच भागातले, पण शिककाईची काटेरी वेल मी आमच्या शिवारात कधी पाहिलेली नाही, तेही तेव्हा आठवलं नाही.

केस सुतळीसारखे झाले तर ती विकणारी बाई म्हणे, "पंधरा दिवस जुनं केमिकल बाहेर पडतं, तोवर कोरडे वाटतात." हेच वाक्य मी शेजारच्या दोघींना ऐकवून त्यांनाही किलो-किलो घ्यायला लावलं. याची लाज पैशापेक्षा जास्त.

त्या संध्याकाळी मांडव सोडून आम्ही वाट्या मांडल्या. अख्ख्या शेंगा उकळलेल्या पाण्यात हळद टाकली, पिवळीच राहिली, कारण शिककाई आंबट. पावडरीच्या पाण्यात टाकली, क्षणात विटकरी. तळाशी भुश्यासारखा गाळ. धुण्याची पावडर आणि भुसा, दुसरं काय असणार! पण सोडा न घालता नुसता भुसा मिसळला तर हळद पिवळीच राहील, म्हणून एवढ्या एका परीक्षेवर विसंबू नका.

फोन केला तर आधी "लॉट बदलून देते", मग नंबर बंद. ग्रुपवाली म्हणाली, मलाही पुढून आलेला मेसेज. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला लावला, तर पाकिटावर पत्ता नाही, हातात बिल नाही. काय सांगणार? एका शेजारणीचे पैसे मी दिले. दुसरी घेत नाही, पण हल्ली माझ्याकडून काही विकतही घेत नाही.

आता काष्ठौषधींच्या दुकानातून अख्ख्या शेंगा आणते. मूठभर शेंगा, चार-पाच रिठे, आवळकाठी आणि चमचाभर मेथी लोखंडी कढईत रात्रभर भिजवून सकाळी उकळते, गाळते. पाणी काळंकुट्ट, फेस बेताचा. डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. घाई असली तर ताकात कालवलेलं बेसन.

ती पावडर अजून अर्धा किलो उरलीय. न्हाणीची फरशी मात्र तिनं झकास निघते.