विश्रामबागच्या मेडिकलवाल्या काकांमुळे दुबईत वाचले

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज, ८ वर्षं झाली. दिवाळीनंतर दुबईला भावाकडे जायचं ठरलं तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये महिन्याची औषधं घ्यायला गेले, तर काका म्हणाले, "ताई, नुसतं ब्रँडचं नाव तिकडं कुणाला कळायचं नाही," आणि गर्दी असतानाही प्रत्येक पाकिटावर पेनानं मोठ्या अक्षरात आतल्या औषधाचं नाव लिहून दिलं, मेसालामाईन किती मिलिग्रॅम, सगळं, आणि बजावलं की गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी पण.

चौथ्या दिवशी पोट बिघडलंच. रात्रीत दहा वेळा बाथरूम, रक्त पण पडलं, भाऊ घाबरून पांढराफटक. तिथल्या डॉक्टरांनी ते पाकीट हातात घेतलं, वाचलं आणि एका मिनिटात विषय कळला त्यांना, मला काही समजवत बसावं लागलं नाही. सांधे पण दुखत होते, वहिनी आयबुप्रोफेन देत होती पण काकांनी आधीच सांगितलेलं की त्यानं कोलायटिस उसळू शकतो, म्हणून नाही घेतली.

विम्यानं मात्र आधीपासूनचा आजार म्हणून एक रुपया दिला नाही, पॉलिसी घेताना ते नीट विचारून घ्या.

परत आल्यावर काकांना खजूर नेऊन दिले. दुकान लहान आहे, संध्याकाळी उभं राहावं लागतं, पण औषधं मी तिथूनच घेणार.